माइक मोकळा ठेवायचा नाही

घोषणाबाईंनी आयुष्यभर एकच नियम पाळला. माइक मोकळा ठेवायचा नाही.

त्या बसस्थानकावर घोषणा करायच्या. काचेची खोली, उंच स्टूल, समोर माइक. गाडी वेळेवर आली की काम सोपं. गाडीचं नाव, फलाटाचा क्रमांक, संपलं. खरी कसोटी गाडी आली नाही की लागायची. डेपोला फोन करावा तर डेपोलाही काही माहीत नसायचं. खाली माणसं आधी घड्याळ बघायची, मग चौकशीची खिडकी बडवायची, मग एकमेकांशी भांडायची. नोकरीच्या सुरुवातीलाच बाईंनी हे पाहिलं आणि एक दिवस माइक जवळ ओढून शांतपणे सांगितलं, की मागच्या थांब्यावर एका आजीबाईंची पिशवी राहिली आहे, चालक ती आणायला गेला आहे, गाडी निघतेच आहे.

स्थानक गप्प झालं. एकजण तर वर येऊन विचारून गेला, पिशवी सापडली का.

माणूस इंजिनावर चिडतो, आजीवर चिडत नाही. बाईंना हे कळलं आणि त्यांची नोकरी मार्गी लागली. पुढे कधी आजी चुकीच्या गाडीत बसली, कधी आजीची चप्पल दारात अडकली. एका साहेबांनी एकदा विचारलं, ही म्हातारी आपल्याच मार्गावर का फिरत असते. बाई म्हणाल्या, तिच्याकडे पास आहे.

त्यांचे यजमान त्याच डेपोत चालक होते. अबोल माणूस. त्यांची गाडी कधी उशिरा आली नाही. त्यामुळे नवऱ्याबद्दल माइकवर चार शब्द बोलायची संधी बाईंना मिळाली नाही. ही खंत त्या अजून बोलून दाखवतात.

निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी यंत्र आलं. यंत्रात कुठल्याशा मुलीचा आवाज भरलेला होता. सगळ्या गाड्यांना ती एकाच सुरात उशीर करायची आणि एकाच सुरात खेद मानायची. बाई एकदाच ऐकायला गेल्या. परत आल्या त्या न बोलता. त्यांच्या बाबतीत ही काळजीची गोष्ट होती.

मग त्या घरात घोषणा करू लागल्या. जेवण तयार आहे, संबंधितांनी हात धुऊन यावं. यजमान म्हणायचे, "अगं, मी समोरच बसलोय."

अशात त्यांना संग्रहालयाचे क्युरेटर भेटले. ते याच बसने जाणारे-येणारे, बाईंच्या आवाजावर वाढलेले. त्यांच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात दर पंधरवड्याला संध्याकाळी व्याख्यान व्हायचं. कुणीतरी पाहुणा यायचा आणि कीटक, पक्षी, दगड, शेवाळ, जे त्याचं असेल त्यावर बोलायचा. सुरुवातीला स्वागत करायचं, मोबाइल बंद करायला सांगायचं, वक्त्याने पाठवलेला परिचय वाचायचा. एवढंच काम. पगार नाही, चहा आहे. बाईंनी विचारलं, माइक आहे का. आहे म्हटल्यावर पुढचं काही विचारलं नाही.

व्याख्यानं वरच्या मजल्यावर पक्ष्यांच्या दालनात व्हायची. चारी भिंतींना काचेची कपाटं, कपाटांत पेंढा भरलेले पक्षी. मधे लोखंडी खुर्च्या मांडायच्या. पहिल्या रांगेतल्या माणसांच्या डोक्यावर गिधाड यायचं, म्हणून पहिली रांग रिकामी राहायची. माइकच्या शेजारी एक अस्वल उभं होतं. ते पक्षी नव्हतं, पण खाली जागा नव्हती. त्याचा एक कान कसरीने खाल्ला होता. साऱ्या दालनाला डांबरगोळ्यांचा वास. तिथून घरी गेलेला माणूस रात्रभर कपाटातून काढल्यासारखा वाटायचा.

श्रोते ठरलेले. काही निवृत्त मंडळी, पंख्याखालची जागा धरून बसणारी. एक जोडपं, ज्याला अंधार हवा असायचा आणि स्लाइड सुरू झाल्या की मिळायचा. एक गृहस्थ, ज्यांच्या घरी त्या दिवशी मेहुणे यायचे. आणि शेवटच्या खुर्चीवर बाईंचे यजमान. ते बायकोला न्यायला यायचे आणि आल्या आल्या झोपायचे.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा झाला. वक्ते कोळ्यांचे अभ्यासक. बाईंनी त्यांचा परिचय वाचला. पदवी, दुसरी पदवी, शोधनिबंध. वाचून झालं, टाळ्या वाजल्या, आणि वक्ते कुठेच नव्हते. ते खालच्या मजल्यावर स्वच्छतागृहात अडकले होते. कडी बाहेरून पडली होती. क्युरेटर धावत गेले. इकडे माणसं खुर्च्या सरकवू लागली. मेहुणेवाले गृहस्थ घड्याळ बघू लागले.

बाईंना ती हालचाल ओळखीची होती. फलाटावरचीच.

त्यांनी माइक जवळ ओढला. म्हणाल्या, आजच्या पाहुण्यांबद्दल एक गोष्ट कागदावर नाही. लहानपणी त्यांच्या घरी आजी जाळी झाडायची. एक दिवस या मुलाने झाडूच लपवला. आजीने दुसरा आणला. तोही लपवला. मग तो कोपऱ्यात जाऊन बसला आणि म्हणाला, कोळ्याचं घर मोडणार असशील तर मी जेवणार नाही. आजी हट्टी, नातू त्याहून हट्टी. संध्याकाळी आजीने झाडू टाकला आणि म्हणाली, राहू दे बाबा, या घरात आधीच इतकी माणसं आहेत, त्यात एक आणखी.

दालन हसलं. कोळीवाले तेवढ्यात दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते माइकपाशी आले, चष्मा पुसला, काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं. समोर सगळी माणसं त्यांच्याकडे नातवाकडे बघावं तशी बघत होती. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "आजी फार रागावली होती त्या दिवशी."

त्यांचं व्याख्यान त्या वर्षातलं सगळ्यात रंगलेलं व्याख्यान ठरलं.

तिथून बाई सुटल्या. अर्थात त्यांचेही कायदे होते. पदव्या, पुस्तकं, पुरस्कार यांना हात लावायचा नाही. ते कागदाप्रमाणे. बनवायचं फक्त बालपण, कारण बालपणाचे कागद नसतात. आणि आधी चौकशी करायची. वक्त्याची आजी हयात आहे का, असं त्या क्युरेटरना फोनवर अगदी काळजीने विचारायच्या. नसली की त्यांना हायसं वाटायचं.

बेडकांच्या अभ्यासकाने शाळेच्या दप्तरातून बेडूक नेला. दगडांच्या अभ्यासकाने वडिलांच्या बुटात खडे भरले. शेवाळाचे तज्ज्ञ फार कोरडे गृहस्थ होते. त्यांना बाईंनी विहिरीच्या काठावरून घसरवलं. तेव्हापासून आपण निसरड्या गोष्टींकडे आदराने बघू लागलो, असं त्यांनी स्वतःच पुढे भाषणात जोडलं. कुणीही नाकारलं नाही. कसं नाकारतील? आपण लहानपणापासून वेगळे होतो, हे ऐकायला कुणाला नको असतं? काही वक्ते तर आधीच येऊन अस्वलापाशी घुटमळायचे. माझ्याबद्दलही सांगाल ना काहीतरी, म्हणायचे.

खुर्च्या कमी पडू लागल्या. गिधाडाखालची रांगही भरू लागली. काही माणसं परिचय ऐकून उठून जायची, हे मात्र अध्यक्षांच्या लक्षात आलं.

अध्यक्ष म्हणजे संग्रहालयाच्या समितीचे अध्यक्ष. निवृत्त मुख्याध्यापक. नाकावर माशी बसू न देणारे. त्यांनी कोळीवाल्यांना सहज विचारलं, झाडूंची गोष्ट खरी का. कोळीवाले म्हणाले, खरीच. पण म्हणताना त्यांनी अस्वलाकडे पाहिलं. अध्यक्षांनी आयुष्यभर शाळेतली मुलं पाहिली होती. त्यांना तेवढं पुरलं. त्यांनी क्युरेटरना बोलावून सांगितलं, की हे संग्रहालय आहे, इथे खोटा दातसुद्धा खोटा म्हणून चिठ्ठी लावून ठेवतात. पुढच्या वेळी त्या बाई कागदाबाहेर एक शब्द बोलल्या, तर माइक दुसऱ्याच्या हातात जाईल. दुसरा कोण, तर अध्यक्षांची भाची. तिने वक्तृत्वाचा वर्ग केला होता.

क्युरेटरनी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होतं. घरी गेल्यावर बाई रिकाम्या स्टीलच्या पेल्याकडे बघत बसल्या. एकदा यंत्राने माइक नेला होता. आता भाची नेणार होती. यंत्राचं एक बरं होतं, त्याच्यावर रागावता तरी यायचं.

यजमानांनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कागद वाच. खाली ये. गाडी चालवताना मी काय करायचो? रस्ता आहे तिकडेच जायचो."

"तुमचं बरं होतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या हातात स्टिअरिंग होतं. माझ्या हातात उशीर होता."

पण त्यांनी ठरवलं. कागद वाचायचा. बस.

पुढची पाहुणी गोगलगायींची अभ्यासक होती. क्युरेटर त्यांना मॅडम म्हणत, आणि म्हणताना सरळ उभे राहत. साठीच्या, ताठ, नावाजलेल्या. गोगलगाय आपलं ठिकाण सोडून कशी जाते आणि परत कशी येते, यावर त्यांनी हयात घालवली होती. त्यांच्या कानावर बाईंची कीर्ती गेली होती. त्यांनी फोन करून बजावलं, की माझा परिचय मी पाठवला आहे तेवढाच वाचावा. माझं बालपण माझ्या भाषणात आहे, ते मी स्वतः सांगेन.

त्या संध्याकाळी दालन भरलं होतं. अध्यक्ष गिधाडाखाली बसले होते. शेजारी भाची, मांडीवर हात ठेवून, केव्हाही उठायच्या तयारीत. बाईंनी परिचय वाचला. जसाच्या तसा. स्वल्पविरामसुद्धा वाचला म्हणायला हरकत नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. मेहुणेवाले गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, आज बाईंना बरं नाही वाटतं.

वाचून संपलं. टाळ्या वाजल्या. मॅडम आल्या नव्हत्या.

क्युरेटरनी जिन्यातून हात करून खूण केली, की येताहेत, थोडा वेळ. मॅडम कुणा म्हातारीला हाताला धरून जिना चढवत होत्या. जिना जुना, पायऱ्या उंच. म्हातारी एक पायरी चढायची, थांबायची, भिंतीवरचं हरणाचं शिंग बघायची, मग दुसरी. हे बाईंना दिसत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की माइक चालू आहे आणि कुणी बोलत नाही.

त्या थांबल्या. खरंच थांबल्या. दोन्ही ओठ घट्ट मिटून अस्वलाकडे बघत राहिल्या. एक खुर्ची करकरली. मग दुसरी. कुणी खोकलं. कुणी पिशवी उचलून मांडीवर घेतली. फलाट उठायच्या बेतात होता. भाचीने पदर सावरला.

बाई नंतर सांगत, की मी बोलले नाही, ते बोललं गेलं. यजमानांचं म्हणणं असं, की ब्रेक फेल झालेला चालकही हेच सांगतो.

त्या म्हणाल्या, मॅडम लहान असताना त्यांनी एका डब्यात गोगलगायी पाळल्या होत्या. डबा कुठे, तर स्वयंपाकघरात. आता स्वयंपाकघर कुणाचं असतं? आईचं. आईने चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी मुलगी झोपलेली असताना तिने डबा उचलला, बाहेर गेली आणि सगळ्या गोगलगायी कुंपणापलीकडे फेकून दिल्या. डबा धुतला, पुसला, झाकण लावलं आणि जागच्या जागी ठेवला. सकाळी मुलगी उठली. बघते तर झाकण बंद आणि डबा रिकामा.

दालन हसलं. पण ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण दारातून एक आवाज आला.

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

दारात म्हातारी उभी होती. एक हात चौकटीवर, एक मॅडमच्या मनगटावर. धाप लागलेली, पण डोळे बाईंवर रोखलेले. तिला ऐकायला कमी येत असे, असं पुढे कळलं. पण स्वतःबद्दल कुणी बोललं की सगळं ऐकू येई.

ती मॅडमची आई होती. आजी नसल्याची खात्री बाई नेहमी करत. आई असेल, आणि ती जिना चढून येईल, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

मॅडम आईकडे बघत होत्या. त्यांच्या हातात भाषणाचे कागद होते. ते हळूहळू खाली आले. त्यांच्या भाषणाचं पहिलं वाक्यच असं होतं, की लहानपणी माझ्या डब्यातल्या गोगलगायी एका रात्रीत नाहीशा झाल्या, आणि झाकण बंद होतं. ते वाक्य त्या जगभर बोलल्या होत्या. बंद झाकणातून गोगलगाय कशी निसटते, या एका प्रश्नापायी त्या या शास्त्रात आल्या होत्या.

"आई," त्या म्हणाल्या. "तू?"

"मग काय करणार होते? तिथे पीठ मळायचे मी."

"आणि झाकण?"

"उघडा डबा मला बघवत नाही. तुला माहीत आहे."

"मी रडत होते. तू माझ्याबरोबर शोधत होतीस. बॅटरी घेऊन. पलंगाखाली."

"शोधत होते ना. एखादी राहिली असली घरात, तर बघायला नको?"

आता कुणी खुर्ची वाजवत नव्हतं. अंधाराची वाट बघणारं जोडपंसुद्धा ताठ बसलं होतं. शेवटच्या खुर्चीवर यजमान जागे झाले होते. लग्नानंतर नवऱ्याने आपलं बोलणं पहिल्यांदाच जागेपणी ऐकलं, असं बाईंना वाटून गेलं. पण त्याचा आनंद मानायला वेळ नव्हता, कारण आता सगळं दालन त्यांच्याकडे वळलं होतं. अध्यक्षही. बाईंची पाचावर धारण बसली.

मॅडम माइकपाशी आल्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, हे तुम्हाला कुठून कळलं.

बाईंपुढे दोन वाटा होत्या. काहीतरी नवं रचायचं, आणि त्यांच्या डोक्यात तेवढ्यात तीन गोष्टी तयारही झाल्या होत्या. किंवा खरं सांगायचं. मॅडमचा चेहरा असा झाला होता की त्यांना रचवेना.

"कुठूनच नाही," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "मी बनवलं. मी सगळ्यांचंच बनवते. त्या कोळीवाल्यांच्या आजीने झाडू टाकला नव्हता. मी त्यांच्या आजीला ओळखतही नाही. आज मनात आलं, की माझ्या ओट्यावर कुणी गोगलगायी ठेवल्या असत्या तर मी काय केलं असतं. तेच सांगितलं. कावळा बसला आणि फांदी मोडली."

झालं. माइक गेला, असं म्हणून त्या एक पाऊल मागे सरल्या आणि अस्वलाला टेकल्या.

तिसऱ्या रांगेतून कोळीवाले उठले. ते हल्ली प्रत्येक व्याख्यानाला यायचे. ते म्हणाले, माफ करा, पण झाडू टाकला होता. मला स्पष्ट आठवतंय. मोठ्या खोलीच्या कोपऱ्यात टाकला होता. बाई उगाच स्वतःकडे कमीपणा घेताहेत.

आणि म्हातारी म्हणाली, "खोटं बोलतेय ती. माझ्या नणंदेने सांगितलंय तिला. ती होती त्या दिवशी खिडकीत. तिला बजावलं होतं मी, बोललीस तर याद राख. मरताना माझ्या या लेकीकडे बघून हसली, तेव्हाच मला शंका आली होती."

बाईंनी सांगून पाहिलं, की मी तुमच्या नणंदेला कधी पाहिलेलं नाही. म्हातारी म्हणाली, तीही असंच म्हणाली असती.

म्हणजे बघा. इतकी वर्षं ही बाई धादांत खोटं बोलली, आणि स्थानकाने मानलं, संग्रहालयाने मानलं. एकदा खरं बोलली, तर एकाही माणसाने विश्वास ठेवला नाही. उलट माणसं एकमेकांना डोळ्यांनी सांगत होती, बघा, सांगणारीचं नाव कशी लपवतेय.

मॅडम मात्र आता बाईंकडे बघत नव्हत्या. त्यांच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली होती. त्यांनी आईला पहिल्या रांगेत बसवलं, अध्यक्षांच्या शेजारी, आणि विचारलं, कुंपणापलीकडे म्हणजे कुठल्या बाजूला. आई म्हणाली, उजवीकडे, शेजाऱ्यांच्या भाजीत. मग काय झालं, मॅडमनी विचारलं.

"मग काय व्हायचं? परत आल्या मेल्या."

मॅडमनी खिशातून पेन काढलं.

आई म्हणाली, आल्या त्या थेट ओट्यापर्यंत. तू शाळेत होतीस. पुन्हा फेकल्या, तर पुन्हा आल्या. शेवटी पिशवीत घालून नदीपलीकडे नेऊन टाकल्या. पूल ओलांडून गेले होते, तुझ्या बापाला सांगितलं की देवळात जाते.

दालन इतकं हसलं की गिधाडाच्या कपाटाची काच थरथरली. मॅडमही हसल्या. आधी हसल्या नव्हत्या त्या, कुणी म्हणतं रडायच्या बेतात होत्या. पण आईच्या त्या पिशवीपाशी त्यांचा बांध फुटला. हसून झाल्यावर त्यांनी भाषणाचे कागद उलटे ठेवले. म्हणाल्या, "माझं सगळं काम एका चुकीच्या प्रश्नावर उभं राहिलं. उत्तरं तेवढी बरोबर आली." आणि मग त्या जे बोलल्या ते कागदावर नव्हतं. मधे मधे आई दुरुस्त्या करत होती.

संपल्यावर चहा होता. बाई चहाला थांबल्या नाहीत. त्या माइकची वायर गुंडाळत होत्या, नीट, गोल गोल, शेवटची म्हणून. अध्यक्ष आले. भाचीला त्यांनी चहाकडे पाठवून दिलं होतं.

ते म्हणाले, कागदाबाहेरचं बोलायचं नाही, असं ठरलं होतं.

हो, बाई म्हणाल्या.

पण ते खरं निघालं, अध्यक्ष म्हणाले. खोटं बोललात म्हणून काढता येत नाही. खरं बोललात म्हणून तर नाहीच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग बाईंच्या जवळ सरकून अगदी खालच्या आवाजात विचारलं, "आमच्या घरातल्या कुणाशी तुमची ओळख आहे का हो?"

बाईंना हे अनपेक्षित होतं. चोराच्या मनात चांदणं असतं, मुख्याध्यापकाच्याही असतं, हे त्यांना कळायला एक क्षण लागला. खरं त्या आत्ताच सांगून बसल्या होत्या. त्याचं काय झालं, तेही पाहून झालं होतं.

"बसस्थानकावर होते मी," त्या म्हणाल्या. "कुणाकुणाशी ओळखी झाल्या, सगळं आता आठवत नाही. अधूनमधून आठवतं."

अध्यक्षांनी मान हलवली. वायरचं एक वेटोळं सुटलं होतं, ते स्वतः वाकून उचललं आणि बाईंच्या हातात दिलं. म्हणाले, माइक तुमच्याकडेच असू द्या.

घरी जाताना यजमानांनी विचारलं, "त्या नणंदेला खरंच ओळखत नव्हतीस ना?" बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढे विचारलं नाही. पण विश्वास त्यांचाही बसला नसावा.

माइक राहिला. पण त्या संध्याकाळची बातमी पसरली. संग्रहालयातल्या त्या बाईंना सगळं कळतं. तिथे बोलायला जाण्याआधी त्यांना भेटून घ्यावं. म्हणजे निदान जे सांगायचं ते आपल्या तोंडून सांगता येतं.

पुढच्या वेळी वटवाघळांचे अभ्यासक आले. चांगले उंचेपुरे गृहस्थ. ते व्याख्यानाच्या बरेच आधी आले आणि बाईंना अस्वलामागे घेऊन गेले. म्हणाले, तुम्हाला कळलंच असेल, पण माझी बाजू ऐकून घ्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. वडिलांचं, थोरल्या भावाच्या लग्नाचं, मामाच्या दुकानाला लागलेल्या आगीचं. बाई नको नको म्हणत होत्या. आजीपर्यंत आले तेव्हा तर बाईंनी कानावर हात ठेवले. ती आजी बाईंच्या गोष्टींतल्या आजीसारखी मुळीच नव्हती.

बाई माइकपाशी गेल्या. दालन गच्च भरलेलं. इतकं खरं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या पोटात आलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर बाहेर काढण्यासारखं नव्हतं. नवं रचायला जावं, तर खऱ्यापुढे सगळं फिकं वाटत होतं. त्यांनी कागद घेतला. पदवी वाचली. दुसरी पदवी वाचली. शोधनिबंध वाचले. मग कागदाची घडी घातली आणि माइक, चालू, तसाच ठेवून त्या खाली आल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. सगळं दालन वटवाघूळवाल्यांकडे टक लावून बघत होतं, की या माणसाने केलंय तरी काय, की बाईसुद्धा गप्प बसल्या.

वटवाघूळवाल्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. माइककडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मीच सांगतो."